अर्धी फळी

४ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "आजी, वाचता येतंय ना आता, मग रोज चार ओळी लिहायची सवय करा. हात वळू द्या." म्हणून ही वही. पेन नातीचं आहे. त्याच्या शेंडीवर रबराचं कासव बसवलंय, लिहिताना ते मान हलवतं. माझं बरोबर आहे म्हणतं की चूक म्हणतं, ते काही कळत नाही.

माझी शाळा दुसरीत सुटली. अक्षरं ओळखीची होती, नाही असं नाही, पण जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यासारखी. मान हलवायची आणि पुढे व्हायचं. आता या वयात त्यांच्याजवळ बसून गप्पा मारायला लागलेय. मागे एकदा नातीला गोष्टीच्या तासाला सोडायला गेले होते. नात घरी परत आली, मी मात्र अजून तिथेच आहे.

लिहायचं काय, ही खरी अडचण. दिवसभरात जे घडतं ते मी संध्याकाळी जेवताना मुलाला सांगून टाकते. पोटात काही राहत नाही माझ्या, पहिल्यापासूनच. मग वहीला उरणार काय, खरकटं! पूर्वी मी बोलायचे आणि तो फोनवर बोट फिरवत "हं, हं" करायचा. पण हल्ली नवलच झालंय. ताटावर बसला की फोन पालथा ठेवतो आणि स्वतःहून विचारतो, "मग आई, आज काय काय झालं वाचनालयात?" शहराच्या कचेरीत हिशेब खात्यात एवढा मोठा माणूस, खिडकीजवळचं टेबल, आणि त्याला आईच्या गमती ऐकायच्या असतात! सांगता सांगता माझं जेवण गार होतं, पण होऊ दे.

चार ओळी म्हणता म्हणता काय झालं बघा. बाई ओरडणार.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज मुलाला अर्धी फळी समजावून सांगितली. त्याला इतकी आवडली की दोनदा विचारली.

आमचं वाचनालय म्हणजे लाँड्री आणि पोस्ट यांच्या मधल्या दोन खोल्या. डावीकडच्या भिंतीतून लाँड्रीच्या यंत्रांची गरगर ऐकू येते आणि भिंत कोमट असते, म्हणून ती बाजू आम्हा म्हाताऱ्यांची. पुस्तकं घरी न्यायची तर शिक्का मारून न्यायची, हा नियम. पण नेतंय कोण? ब्रेककाकांच्या घरी दोन खोल्यांत मुलगा, सून, नातवंडं, पाहुणे, आणि टीव्ही तर असतोच. ते तिथे वाचणार कुठे, पंख्याला लटकून? शिवणवाल्या बाईंच्या घरी टेबलभर दुसऱ्यांचे कपडे. शाळेतली पोरं घरी नेली की पुस्तकं हरवतात, म्हणून इथेच वाचतात. तर सगळे इथेच वाचतो, आणि संपलं नाही की पुस्तक दाराजवळच्या एका फळीवर ठेवून जातो. तीच अर्धी फळी. पुस्तकात ज्याने त्याने आपली खूण घालायची. ब्रेककाकांचं जुनं बसचं तिकीट, शिवणवाल्या बाईंचा टेपचा तुकडा, पोरांच्या आइस्क्रीमच्या काड्या, माझा लाल लोकरीचा धागा. दुसऱ्याच्या पुस्तकाला कुणी हात लावत नाही. असा काही लिहिलेला नियम नाही, पण दुसऱ्याच्या ताटात आपण हात घालतो का?

ब्रेककाका म्हणजे रिटायर झालेले बसड्रायव्हर. शब्दागणिक थांबतात, म्हणून ब्रेककाका. त्यांनी मला रेडिओ नाव ठेवलंय. वाचनालयात गप्प बसायचं असतं आणि मला जमत नाही. बाई लांबून हात गोल फिरवून आवाज कमी करायची खूण करतात, मी दोन मिनिटं कमी करते.

मुलगा म्हणाला, "म्हणजे ही पुस्तकं बाहेर जातच नाहीत? शिक्काच नाही पडत?"

मी म्हटलं, "कशाला पडायला हवा? फळी भरून वाहतेय बघ!"

"आणि बाई काही बोलत नाहीत?"

"त्यांनीच तर फळी दिली."

त्याने मान हलवली. सूनबाईने भाजीचं भांडं जरा आपटूनच ठेवलं. तिला दवाखान्यात दिवसभर उभं राहावं लागतं, चिडचिड होते.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज बाई काउंटरमागे नुसत्या बसून होत्या. चष्मा काढून ठेवला होता. चष्म्याशिवाय बाईंचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा दिसतो.

पैसे कमी झालेत म्हणे. ते तर कधीपासूनच होताहेत. आधी शिपाई गेला आणि त्याची जागा भरलीच नाही, म्हणून बाई कुठे गेल्या की किल्ली माझ्याकडे नाहीतर ब्रेककाकांकडे असते. मग वर्तमानपत्रं बंद झाली. मग नवी पुस्तकं. दुसऱ्या खोलीतला दिवा गेला तो गेलाच. आता म्हणताहेत शहरात वाचनालयाच्या सात शाखा आहेत, त्यांतल्या तीन बंद करायच्या. ज्यांतून पुस्तकं कमी बाहेर जातात त्या.

बाई म्हणाल्या, "आपल्याकडे माणसं बसून वाचतात. बसलेला माणूस कागदावर दिसत नाही, आजी."

मी म्हटलं, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. माझा मुलगा त्याच कचेरीत आहे, हिशेब खात्यात. मी घालते त्याच्या कानावर."

बाईंनी एकदम चष्मा लावला. म्हणाल्या, "हिशेब खात्यात?"

"हो! आणि त्याला आपलं सगळं माहीत आहे. अर्ध्या फळीसकट. रोज सांगते मी."

बाईंनी समोरचं रजिस्टर उघडलं आणि तसंच मिटलं. आनंदाने माणसाला सुचत नाही कधी कधी.

जेवताना मुलाला सांगितलं, "तुझ्या हातात असेल ते कर रे बाबा. माझं पुस्तक अर्धं राहिलंय. आणि नुसतं माझंच नाही." तो म्हणाला, "बघतो आई." त्याचं "बघतो" म्हणजे पक्कं असतं. लहानपणी दुधाची पिशवी आणायला पाठवलं तरी "बघतो" म्हणायचा आणि घेऊनच यायचा.

१८ फेब्रुवारी, सोमवार

मधले दिवस लिहिलं नाही, कारण पुस्तक फार रंगात आलंय. दीपगृहात राहणाऱ्या दोघी बहिणींची गोष्ट आहे. माझ्या आयुष्यातलं पहिलं जाडं पुस्तक. धाकटी होडी घेऊन गेलीय आणि वादळ उठलंय. थोरली वर दिवा लावून बसलीय, पण ती रुसलेली आहे ना, म्हणून दिवा लावू की नको लावू करतेय. अगं लाव की बाई! मी मोठ्याने म्हणाले तर अख्खं वाचनालय हसलं.

पण आज मन खट्टू झालंय. स्वयंपाकघरात भांडी पुसताना सूनबाई म्हणाली, "आई, एक सांगू? त्याच्याशी वाचनालयाचं जरा कमी बोलत जा."

मी म्हटलं, "का गं? तो विचारतो म्हणून सांगते."

"म्हणूनच म्हणतेय."

मला लागलं. इतक्या वर्षांनी मुलगा माझ्याशी चार शब्द बोलायला लागला, तर हिला ते खुपतंय. तिला सासू म्हणून मी कधी जाच केला नाही, उलट तिच्या डब्याला मीच उठते. मी म्हटलं, "माझ्या मुलाशी काय बोलायचं ते मी बघेन हो." ती कपडा तिथेच टाकून आत गेली. ओले चमचे मी पुसले.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आज आनंदाची बातमी आहे, आधी तीच लिहिते!

मुलगा म्हणाला, गुरुवारी सकाळी मोठे साहेब स्वतः आमचं वाचनालय बघायला येणार आहेत आणि तोच त्यांना घेऊन येणार आहे. मी म्हटलं ना, त्याचं "बघतो" म्हणजे पक्कं!

मी म्हटलं, "थांब, सगळ्यांना सांगते, नवे कपडे घालून या."

तो म्हणाला, "नको आई. साहेबांना गर्दी आवडत नाही. पोरांचा कलकलाट, कोपऱ्यात कुणी पेंगतंय, असं बघितलं की ते बिथरतात. स्वच्छ, शांत जागा आवडते त्यांना. तेवढी सकाळ तुझ्या मंडळींना दुपारून या म्हणून सांग."

"आणि बाई?"

"त्या दिवशी त्यांना मुख्य कचेरीत बोलावणं आहे. त्यांना सांगू नकोस, उगाच घाबरतील. परत आल्या की एकदम कळेल." मग उठता उठता म्हणाला, "ती दाराजवळची फळी तेवढी आवर. पसारा दिसतो."

सूनबाई म्हणाली, "तू हे काय करतोयस?" तो म्हणाला, "जेव तू." नवराबायकोचं काही आधीचं असेल. मी मध्ये पडले नाही. माझ्या डोक्यात केरसुणी आणि फडकी सुरू झाली होती.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

पाहुणे येणार म्हटल्यावर घर कसं ठेवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. मी आणि ब्रेककाकांनी काल संध्याकाळी बाई किल्ली देऊन गेल्यावर आणि आज सकाळी असं चकाचक केलं! टेबलं पुसली, खुर्च्या आत सरकवल्या, खिडक्यांच्या काचा कागदाने घासल्या. अर्ध्या फळीवरची सगळी पुस्तकं ज्याच्या त्याच्या जागी कपाटात लावली, अगदी उंचीप्रमाणे. आतून खुणा बाहेर लोंबत होत्या, केविलवाण्या दिसत होत्या, त्या काढून बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवल्या. फळी पुसून तिच्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली. शिवणवाल्या बाईंना, शाळेच्या पोरांना, सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की सकाळी फिरकायचं नाही. पोरं ऐकेनात, त्यांना गोळ्या कबूल केल्या. ब्रेककाकांनाही काम झाल्यावर घरी धाडलं. ते म्हणाले, "रेडिओ, वाचनालयात वाचणारं माणूस नको, हे मला जरा विचित्रच वाटतं." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय साहेबलोकांचं!"

मोठे साहेब आले. उंच, छान कोट. मागे माझा मुलगा, हातात फाइल. मी एकटीच, कोपऱ्यात, हात मांडीवर घेऊन, फोटोतल्यासारखी. तोंडाला अक्षरशः कुलूप लावलं होतं.

साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एका टेबलावरून बोट फिरवलं. धूळ? नावालाही नाही! कपाटातली पुस्तकं बघून म्हणाले, "हात लागलेला दिसत नाही फारसा." मला कोण अभिमान वाटला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही रोज येता का, आजी?"

मी उठून उभी राहत होते, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बसा आजी, तुम्ही बसा."

आजी! आणि तुम्ही! मला हसू फुटत होतं. पण कचेरीत नातं मिरवायचं नसतं, शिस्त असते, एवढं मला कळतं. मीही मग "हो साहेब, येते" एवढंच म्हटलं आणि डोळ्यांनी सुद्धा ओळख दाखवली नाही. नाटकात घेतलं असतं मला.

पाच मिनिटांत गेले. जाताना साहेब म्हणाले, "ठीक आहे, स्पष्टच आहे."

संध्याकाळी मुलाला विचारलं, "कसं झालं? पास ना?" तो म्हणाला, "छान ठेवलं होतंस, आई." आणि फोन उघडून बसला. दमला होता.

४ मार्च, सोमवार

एक घोटाळा झालाय माझ्या हातून. खुणा काढल्या खऱ्या, पण कुणाची कुठल्या पानात होती ते कोण सांगणार? पोरांनी थोडा गोंधळ घातला आणि दुसरी पुस्तकं घेतली. शिवणवाल्या बाईंनी आठवून आठवून जवळपास काढलं. मला माझं पान पाठ होतं, मी रोज तिथे थांबून आकड्याकडे बघते, मला आकडे आवडतात.

पण ब्रेककाका. त्यांचं आगगाड्यांचं जाडं पुस्तक, गेल्या वर्षापासून चाललेलं. बोट ठेवून ठेवून ते किती पुढे गेले होते कोण जाणे. थोडा वेळ पानं चाळली, मग पुस्तक मिटलं, सरळ केलं आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बाईंना गुरुवारचं कळलं तेव्हा त्या उभ्याच राहिल्या. "फळी रिकामी होती? साहेब आले तेव्हा? आणि कुणीच नव्हतं?" असं तीनदा विचारलं. मी म्हटलं, "आरशासारखं ठेवलं होतं!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा नाक लाल होतं. लाँड्रीच्या वाफेने होतं तसं.

११ मार्च, सोमवार

दारावर कागद चिकटवलाय. मी स्वतः वाचला, कुणाची मदत न घेता. इतका मोठा सरकारी कागद पहिल्यांदाच पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि वाचून झाल्यावर आठवलं की आपण खूश व्हायचं नाहीये.

आमची शाखा बंद. महिनाअखेर. कुणाला काही म्हणायचं असेल तर वीस तारखेला कचेरीत या.

काहीतरी चुकलं असणार. साहेबांचं मन नंतर कुणीतरी फिरवलं असणार. मुलाला फोन केला तर उचलला नाही. बिचारा त्याच खटपटीत असेल.

१२ मार्च, मंगळवार

आज लिहायला फार वेळ लागतोय. कासव मान हलवतं ते बघवत नाही, म्हणून तोडून टाकलं. नातीला दुसरं पेन घेऊन देईन.

सकाळी मुलगा गेल्यावर मी सूनबाईला म्हटलं, "त्याच्या जिवाला लागलं असेल गं. एवढी धडपड केली त्याने." ती डबा भरत होती. डबा खाली ठेवला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिला उशीर होत होता तरी बसली.

म्हणाली, "आई, कुठल्या तीन बंद करायच्या, ते निवडायचं काम त्याच्याकडेच होतं. तीन दिल्या नाहीत तर त्याच्याच खात्यातली माणसं कमी करणार होते. गुरुवार त्यानेच ठरवला. बाईंचं बोलावणंही त्यानेच लावलं."

मी म्हटलं, "काहीतरीच."

ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगायला बघितलं होतं. सरळ सांगायला हवं होतं. नवरा आहे म्हणून नाही सांगितलं. माझंच चुकलं."

आणि मी तिला काय काय बोलले होते. ती रडली नाही, मीही नाही. दोघी डब्याकडे बघत बसलो. शेवटी मीच झाकण लावून तिच्या हातात दिला.

मग दिवसभर मी एकेक संध्याकाळ आठवत बसले. कोण कोण येतं, हे त्याने विचारलं तेव्हा मी काय सांगितलं. शिक्का पडतो का, हे विचारलं तेव्हा काय. सकाळी जास्त माणसं असतात की दुपारी, हे का विचारलं. फोन पालथा का ठेवला. मला वाटलं, पोरगं आईजवळ आलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते आजवर कानावरून गेलं होतं. कापताना दुखत नाही म्हणूनच तसं म्हणत असतील. मी तर हसत होते.

संध्याकाळी आल्या आल्या त्याला गाठलं. "तू केलंस?"

त्याने बूट काढले, एक, मग दुसरा. म्हणाला, "आई, मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. तू सांगितलंस तेच लिहिलं."

"मी बंद कर म्हणून सांगितलं होतं?"

"मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलं असतं."

"मग करू द्यायचं होतंस की दुसऱ्याला! त्याला निदान स्वतः चौकशी करावी लागली असती. माझ्या हातून फळी कशाला पुसून घेतलीस?"

त्याने बूट उचलून जोडीने भिंतीला लावले. मग म्हणाला, "मुख्य वाचनालय आहे की. एक बस बदलली की झालं. मी तुला पास काढून देईन."

पास काढून देईल.

२० मार्च, बुधवार

कचेरीतला मोठा हॉल. गादीच्या खुर्च्या. ब्रेककाका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, शिवणवाल्या बाई काम टाकून आल्या होत्या. समोर मोठे साहेब, आणि बाजूच्या टेबलावर, कोण काय बोलतंय ते लिहून घ्यायला, माझा मुलगा.

बाई छान बोलल्या. बसून वाचणाऱ्यांचं बोलल्या, फळीचं बोलल्या. साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं ऐकलं. पण मी स्वतः येऊन गेलो. एक आजी सोडल्या तर चिटपाखरू नव्हतं. आणि तुम्ही म्हणता ती फळी रिकामी होती. तिच्यावर फुलं होती."

मी उठले. म्हटलं, "साहेब, ती आजी मी. माणसं नव्हती, कारण मीच त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. फळीही मीच रिकामी केली. त्याच्या आदल्या दिवशी ती भरून वाहत होती. यांना सगळ्यांना विचारा."

"येऊ नका? का?"

"पाहुणे येणार होते ना."

हॉलमध्ये लोक हसले. वाईट नाही हसले, पण हसले. साहेबही थोडे हसले. मग पुढे वाकून म्हणाले, "पण आजी, आम्ही येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनाही नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी मुलाकडे बघितलं. त्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं, हलत नव्हतं. मनात म्हटलं, आता उठेल. लहानपणी खिडकीची काच फुटली की मी विचारायच्या आधी "आई, मी फोडली" म्हणत समोर यायचा. रडत यायचा, पण यायचा. मी थांबले. साहेब थांबले. ब्रेककाकांनी खाकरून मला हिंमत दिली. मुलाने मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झालेल्या दिसल्या. त्या माझ्याकडून गेल्यात त्याला.

तोंडाशी आलं होतं. माझ्या तोंडाशी आलेलं कधी मागे गेलंय का? आज गेलं. त्याचं खिडकीजवळचं टेबल डोळ्यांपुढे आलं, नात आली, सूनबाईचा डबा आला. मी म्हटलं, "कळलं मला कुठून तरी."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. आजींचा गैरसमज झाला असावा. तसं लिहून घ्या."

आणि त्याने लिहून घेतलं. माझ्या समोर. आजींचा गैरसमज झाला असावा. पूर्ण ओळ लिहिली, खाली मान घालून, त्याच्या त्या सुंदर अक्षरात. त्या अक्षराचं मी सगळ्या शेजारणींना कौतुक सांगितलेलं आहे.

बाहेर पायऱ्यांवर ब्रेककाका म्हणाले, "रेडिओ, तो लिहिणारा. चेहरा तुमचाच आहे हो."

मी म्हटलं, "कान सुद्धा."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. बस येईपर्यंत माझ्याबरोबर उभे राहिले, आणि बस आल्यावर तिचा ड्रायव्हर ब्रेक किती वाईट मारतो, ते सांगत बसले.

२९ मार्च, शुक्रवार

आज शेवटचा दिवस. पुस्तकं खोक्यांत भरली. अर्ध्या फळीवर पुन्हा पुस्तकं आली होती, दारावर कागद लागल्यापासून सगळ्यांनी जिद्दीने आणून ठेवली होती. बाईंना ती देता येत नव्हती, प्रत्येक पुस्तक मुख्य शाखेत जमा करायचं. त्यांनी ती सगळ्यांत शेवटी भरली. एकेक उचलून विचारायच्या, "हे कुणाचं?" आणि ज्याचं असेल त्याच्या हातात क्षणभर द्यायच्या, खूण काढून घ्यायला.

ब्रेककाकांनी तिकीट काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. किती पानं झाली होती म्हणून मी विचारलं. म्हणाले, "घाटापर्यंत आलो होतो. पुढे उतार होता." मला त्यांची क्षमा मागायची होती. त्यांना ते कळलं असावं, कारण म्हणाले, "दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यापेक्षा वेगाने गेली हो गाडी."

माझा लाल धागा मी बोटाला गुंडाळून घरी आणला. थोरलीने दिवा लावला की नाही, ते माहीत नाही.

बाईंची बदली मुख्य कचेरीत झालीय, कुठल्यातरी टेबलावर, पुस्तकं नसलेल्या खोलीत. निघताना म्हणाल्या, "वही चालू ठेवा, आजी."

१ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी माझ्या पलंगावर एक पुडकं होतं. दीपगृहाचं पुस्तक. नवं कोरं, दुकानातलं, आत गुळगुळीत रिबीन. मुलाने आणलंय. नाव त्याच्या लक्षात होतं. मी एकदा जेवताना सांगितलं असणार, तो सगळं लक्षात ठेवतो.

हातात घेतलं. जड आहे. नव्या कागदाचा वास छान आहे, खोटं कशाला बोलू. पान मला पाठ आहे, उघडायचा अवकाश. नाही उघडलं. उद्या पिशवीत घालून नेणार आहे. लाँड्रीबाहेरच्या बाकावर सकाळी ब्रेककाका बसतात, पाठ कोमट भिंतीला लावून. तिथे वाचेन, मोठ्याने. आता बाहेर आहोत, आवाज कमी करायला कोण सांगणार आहे. आगगाड्या नाहीत यात, पण होडी आहे, त्यांना चालेल.

आज जेवायला सगळे होतो. नात शाळेतलं काही सांगत होती. मग तिचं सांगून झालं. मुलाने फोन पालथा ठेवला. भात कालवता कालवता जरा थांबला आणि म्हणाला, "मग आई, आज काय काय झालं?"

सूनबाईने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "काही नाही रे."

आणि जेवण गरम असतानाच संपवून, आत येऊन, हे सगळं लिहिलं.